गार इंजिनाचं दुखणं

डिसेंबर-जानेवारीत बेळगावची पहाट चांगलीच गारठलेली असते. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर. अशा वेळी जुन्या एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांचं एक ठरलेलं दुखणं वर येतं. सेल्फ मारला की इंजिन लागतं, पण थरथरतं, मिसिंग मारतं, सिग्नलला बंद पडतं. तीन-चार किलोमीटर गेलं की सगळं सुरळीत. गॅरेजात पोहोचेपर्यंत दाखवायला काही उरतच नाही. म्हणून जाणता मिस्त्री गाडी रात्रीच ठेवून घेतो आणि सकाळचा पहिला सेल्फ स्वतः मारतो.

मारुती 800 चंच घ्या. 796 सीसी, तीन सिलिंडर. 2000 च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेला आणि इंजेक्शन आलं. 2014 च्या जानेवारीत गाडीचं उत्पादन थांबलं, तरी केए-22, केए-23 आणि एमएच-09 पाट्यांच्या आठशे सीमाभागात अजून दिसतात. तीन सिलिंडरांतला एक जरी नीट पेटला नाही तरी एक तृतीयांश जोर जातो आणि अख्खी गाडी हलते.

कार्ब्युरेटरच्या काळात चालक चोक ओढायचा. इंजेक्शनच्या गाडीत ते काम ईसीएम, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक करतो. कूलंटमधला टेम्परेचर सेन्सर इंजिन किती गार आहे ते कळवतो. त्यानुसार पेट्रोल वाढतं, आयडल व्हॉल्व्ह जादा हवा सोडतो, आरपीएम थोडे चढे राहतात. सायलेन्सरकडचा ऑक्सिजन सेन्सर मात्र सुमारे 300 अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही. तो जागा झाला की मिश्रणातली चूक ईसीएम बऱ्याच अंशी सावरून घेतो. गार इंजिनात ती सावरासावर नसते, म्हणून दोष उघडा दिसतो. निदानाची खरी संधी त्या पहिल्या पाच मिनिटांतच असते.

त्या वेळात क्रम पाळावा लागतो. इंजिन थरथरत असतानाच एकेका प्लगची वायर किंवा इंजेक्टरचा कनेक्टर काढून बघायचा. ज्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला. मग त्याचा प्लग, वायर आणि कॉम्प्रेशन तपासायचं. एलपीजीवर फार चाललेल्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट झिजून टॅपेट घट्ट होतात, गार असताना कॉम्प्रेशन निसटतं. अशा गाडीला नवा सेन्सर घालून उपयोग नाही. सगळेच सिलिंडर सारखे अडखळत असतील तर हवा आणि पेट्रोलकडे वळायचं: थ्रॉटल बॉडीतला काजळीचा थर, आयडल व्हॉल्व्ह, पंपाचं प्रेशर, कडक झालेले रबरी पाइप. गारठ्यात आक्रसलेला पाइप हवा ओढतो, तापला की पुन्हा घट्ट बसतो.

सर्वांत फसवा तो टेम्परेचर सेन्सर. अनेक जुन्या सुझुकी गाड्यांत चेक लाइटच्या उघडझापीतून कोड वाचता येतो. 12 आला म्हणजे दोष नोंदलेला नाही. पण सेन्सर गार इंजिनाला कोमट म्हणत असेल तर तेही आकड्यांच्या मर्यादेत बसतं आणि कोड येतच नाही. तिथे मल्टिमीटर लागतो. साधारण 20 अंशांना दोन-अडीच किलोओम, 80 अंशांना 300 ओमच्या आसपास रेझिस्टन्स हवा. पहाटेच तो हजाराच्या खाली दिसला, तर पेट्रोल का कमी पडतंय ते कळलं.

आता त्यात ई-20 ची, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची भर पडली आहे. यातलं काही इथेनॉल ज्या उसाच्या मळीतून आणि रसातून येतं, तो ऊस आपल्याच चिकोडी-निपाणी पट्ट्यात डोलतो. एक किलो पेट्रोल जळायला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलो. शिवाय इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. जुन्या ईसीएमचं गणित पेट्रोलचं, म्हणून गार इंजिनात मिश्रण थोडं पातळ होतं. ठणठणीत गाडी ते पचवते. झिजलेला प्लग किंवा थकलेला सेन्सर तिथे उघडा पडतो. दोष इंधनाचा की गाडीचा, हे मोजूनच ठरवायला हवं.

आठशे अजून शिक्षकांच्या, शेतकऱ्यांच्या, छोट्या दुकानदारांच्या घरी राबते आहे. अंदाजाने एकापाठोपाठ एक पार्ट बदलत गेलं तर बिल गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतं. त्यांचे पैसे वाचवणारी विद्या म्हणजे आधी मोजायचं, मग बदलायचं. आपल्या आयटीआयच्या पोरांना स्कॅनरइतकीच ती शिकवली पाहिजे, आणि मालकानेही गाडी गार असतानाच मिस्त्रीच्या हाती दिली पाहिजे.