महापरिनिर्वाण शिल्प, अजिंठा
अजिंठा (जि. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचा औरंगाबाद) येथील क्र. २६ च्या चैत्यगृहात डाव्या पार्श्ववीथीच्या भिंतीवर कोरलेले गौतम बुद्धाच्या देहावसानाचे शिल्प. काळ इ. स. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. बुद्धमूर्तीची लांबी सु. ७ मी. येथील शिलालेखानुसार भिक्षू बुद्धभद्र याने अश्मकराजाचा मंत्री भव्विराज याच्या सन्मानार्थ हे लेणे कोरविले.

बौद्ध परंपरेनुसार बुद्धाचे निर्वाण ऐंशीव्या वर्षी, आजारानंतर, कुशीनगर येथे झाले. शिल्पात मात्र व्याधीची वा वार्धक्याची खूण नाही. बुद्ध उजव्या कुशीवर पहुडलेला असून उजवा हात गालाखाली, डावा देहालगत व नेत्र मिटलेले आहेत. अंगाला बिलगलेल्या तलम चीवरातून अवयवांची शिथिल ठेवण जाणवते. निद्रा आणि मृत्यू यांतील सीमारेषा येथे पुसट झाली आहे.

मर्त्य देहाची व्यथा शिल्पकाराने मंचकाखालील शोकाकुल शिष्य व उपासक यांच्या लहान आकृतींतून व्यक्त केली आहे. कोणी मान खाली घातली आहे, तर कोणी हातावर मस्तक टेकले आहे. वरच्या भागात देवगण मात्र बुद्धाच्या मुक्तीचा आनंद वाद्यांच्या घोषात साजरा करीत आहेत. मानवी शोक, दैवी हर्ष आणि या दोहोंमधील निश्चल देह अशी ही त्रिस्तरीय रचना आहे.

पार्श्ववीथी अरुंद असल्याने संपूर्ण मूर्ती एका दृष्टिक्षेपात मावत नाही. स्तूपाला प्रदक्षिणा घालणारा उपासक मस्तकापासून चरणांपर्यंत तिच्या निकटून चालत जातो. त्यामुळे दर्शनाला अंत्यदर्शनाचे स्वरूप येते.