संगणकीय खेळातील टॉगल बटण : स्थिती आणि स्क्रिप्ट

प्रस्तावना

संगणकीय खेळाच्या सेटिंग्जमध्ये संगीत चालू-बंद करणारे बटण ही वरकरणी किरकोळ बाब वाटते. साधे बटण दाबले की एक कृती घडते व तेथेच विषय संपतो. टॉगल बटणाला मात्र आपली स्थिती लक्षात ठेवावी लागते. प्रस्तुत लेखात युनिटी या गेम इंजिनाच्या आधारे या बटणाच्या स्क्रिप्टचे विवेचन केले आहे.

विवेचन

युनिटीच्या ४.६ या आवृत्तीबरोबर २०१४ मध्ये नवी यूआय प्रणाली आली आणि तिच्यात टॉगल हा तयार घटक उपलब्ध झाला. त्याचा ‘इज ऑन’ हा गुणधर्म खरे किंवा खोटे यांपैकी एक मूल्य धारण करतो. हे मूल्य बदलताच ‘ऑन व्हॅल्यू चेंज्ड’ ही घटना घडते व नवे मूल्य आपण जोडलेल्या फंक्शनकडे पोहोचते. नवशिका विद्यार्थी बहुधा हे आलेले मूल्य वाचतच नाही. तो आपले स्वतंत्र व्हेरिएबल दर वेळी उलटवितो. चाचणीत सारे बिनचूक चालते. दोष दिसतो तो खेळ बंद करून पुन्हा उघडल्यावर.

समजा, दृश्यात बटण मुळात चालू ठेवले असून फंक्शन इन्स्पेक्टरमधूनच जोडलेले आहे. खेळाडूने मागील वेळी संगीत बंद केले होते. प्लेअरप्रेफ्समध्ये बुलियन मूल्य साठविण्याची सोय नसल्याने तेथे ० हा अंक आहे. तो वाचून स्क्रिप्ट व्हेरिएबल खोटे करते आणि बटण जुळावे म्हणून इज ऑनलाही तेच मूल्य देते. खेळाडूने अद्याप बोटही लावलेले नसते. तथापि मूल्य बदलल्यामुळे घटना घडते, फंक्शन व्हेरिएबल उलटवून खरे करते, संगीत वाजू लागते आणि साठ्यात १ लिहिला जातो. बटण ‘बंद’ दाखविते, संगीत चालू असते, खेळाडूची निवड पुसली जाते! पुढील वेळी १ वाचला जातो. बटण आधीच चालू असल्याने घटना घडत नाही व सर्व सुरळीत भासते. दोष हाती लागत नाही तो यामुळेच.

उपाय साधा आहे. फंक्शनने उलटवू नये, आलेले मूल्य जसेच्या तसे लागू करावे. मग ते दोनदा चालले तरी बिघडत नाही. शिवाय २०१९ च्या आवृत्तीपासून ‘सेट इज ऑन विदाउट नोटिफाय’ ही घटना न घडविता मूल्य बदलणारी पद्धतही उपलब्ध आहे. साठविलेले मूल्य बटणावर आणताना तीच योग्य. मात्र मग संगीताची स्थिती स्क्रिप्टने स्वतः लागू करावी लागते.

बटणावरील मजकुराचाही येथे विचार हवा. ‘संगीत बंद’ ही सध्याची स्थिती की दाबल्यावर घडणारी कृती, हे वाचणाऱ्यास कळत नाही. केवळ लाल-हिरव्या रंगांवर विसंबल्यास तो भेद न जाणवणारा खेळाडू अडतो. मजकूर ‘संगीत’ एवढाच कायम ठेवून स्थिती बरोबरच्या खुणेने दाखवावी. टॉगल घटक ती खूण स्वतःच दाखवितो व लपवितो, त्यासाठी स्क्रिप्टमध्ये एकही ओळ लिहावी लागत नाही.