‘हे बाबा’ इंग्रजीत कसे?

समजा तुम्ही हिंजवडीच्या बसथांब्यावर उभे आहात. हातातले तिकीट दाखवायचे तर ‘दिस’, लांबची उंच इमारत दाखवायची तर ‘दॅट’. तिकिटे अनेक असली तर ‘दीज’, इमारती अनेक असल्या तर ‘दोज’. बस्स! हा रस्ता, ही बस, हे तिकीट असा आपला लिंगभेद इंग्रजीत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. ‘हे माझे बाबा’ म्हणताना आपण आदराने अनेकवचन वापरतो. तेच मनात धरून कुणी ‘दीज आर माय फादर’ म्हणाला, तर ऐकणारा दुसरे बाबा शोधू लागेल! इंग्रजीत बाबा एकच, म्हणून ‘दिस इज माय फादर’. त्यात बाबांचा मुळीच अपमान नाही.

धाकट्या भावंडाला शिकवताना आधी बोट दाखवून विचारा, जवळ की लांब? एक की अनेक? शब्द मग आपोआप सापडेल.