सुबाभूळ : गुणही वाढीचा, दोषही वाढीचा

आगगाडीच्या खिडकीतून बाहेर पाहिले, की रुळांच्या कडेला, ओसाड माळावर किंवा एखाद्या शाळेच्या कुंपणालगत एक सडपातळ झाड हमखास दिसते. पाने चिंचेसारखी बारीक, फुले पांढऱ्या लोकरीच्या गोंड्यासारखी आणि फांद्यांवर चपट्या, तपकिरी शेंगांचे झुपके. शेंगा वाळल्या, की वाऱ्यावर खुळखुळतात. हीच सुबाभूळ. आपल्या गावठी बाभळीची ही दूरची नातेवाईक. पण अंगावर एकही काटा नाही, म्हणून तिला ‘सु’ लागला असे समजायला हरकत नाही. (काट्यांनी टायर फोडणारी ‘वेडी’ किंवा विलायती बाभूळ ती निराळी. दोघींची गल्लत करू नये.)

या झाडाइतके कौतुक आणि या झाडाइतकी निंदा क्वचितच दुसऱ्या कुठल्या झाडाच्या वाट्याला आली असेल. 1970 ते 1985 या काळात जगभरचे शेतीतज्ज्ञ तिला ‘चमत्कारी वृक्ष’ म्हणत होते. पुढे तीच सुबाभूळ जगातील शंभर अतिउपद्रवी परकीय जीवजातींच्या यादीत जाऊन बसली. गंमत म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी कारण एकच आहे : तिची झपाट्याची वाढ.

मेक्सिकोची लेक

सुबाभळीचे माहेर दक्षिण मेक्सिको आणि त्याला लागून असलेला मध्य अमेरिकेचा भाग. तेथे तिला आणि तिच्या जवळच्या जातींना ‘ग्वाहे’ म्हणतात. मेक्सिकोतील ओआहाका या प्रसिद्ध शहराचे व प्रांताचे नावच या झाडावरून पडले आहे. तेथील बाजारात हिरव्या शेंगांच्या जुड्या विकायला असतात. लोक कोवळे दाणे सोलून कच्चे खातात किंवा चटणीत, रश्श्यात घालतात. स्पॅनिश व्यापाऱ्यांच्या जहाजांतून हे बी फिलिपाइन्सला पोचले आणि तेथून आग्नेय आशियाभर पसरले. थायलंडमध्ये कोवळा पाला चटणीशी तोंडी लावतात. इंडोनेशियात दाणे खोबऱ्याबरोबर केळीच्या पानात गुंडाळून वाफवतात. कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठीही तेथे ती लावली गेली.

ही जुनी जात मात्र झुडपासारखी, खुरटी. खरे वादळ उठले ते तिच्या उंच जातीमुळे. 1960 नंतर हवाई विद्यापीठातील जेम्स ब्रूबेकर यांनी मेक्सिको व मध्य अमेरिकेतून निरनिराळे वाण गोळा करून पारखले. त्यांतला ‘के-8’ हा वाण सरळसोट आणि पंधरा मीटरच्या वर जाणारा निघाला. आपल्याकडे त्याचा हिरिरीने प्रसार केला तो पुण्याजवळच्या उरुळीकांचनच्या ‘बायफ’ या संस्थेने. 1946 मध्ये गांधीजींनी उरुळीला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तो सांभाळण्यासाठी मागे राहिलेले मणिभाई देसाई यांनीच 1967 मध्ये बायफची स्थापना केली. संकरित गाई शेतकऱ्याच्या दारात बांधायच्या, तर त्यांना बारमाही हिरवा चारा कोठून आणायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्याचे एक उत्तर म्हणजे सुबाभूळ.

पाल्यात पेंडीचा कस

उत्तर चुकीचे नव्हते. वाळलेल्या पाल्यात वीस टक्क्यांच्या वर प्रथिने असतात. नुसत्या कडब्यावर जगणाऱ्या जनावरापुढे असा पाला टाकणे म्हणजे जवळजवळ पेंड टाकणेच. शेंगावर्गातील असल्याने तिच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतले जिवाणू हवेतला नत्र खेचून घेतात. त्यामुळे छाटलेला पाला शेतात गाडला, तर खताचे काम होते. कमरेइतक्या उंचीवर तोडली, की बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांनी पुन्हा कापायला तयार! लाकूड चुलीत चांगले जळते, कोळसाही चांगला होतो. आज आंध्र प्रदेशात अनेक शेतकरी कागद गिरण्यांसाठी सुबाभळीची रीतसर शेती करतात. तीन-चार वर्षांत तोड येते. लाकडाला भाव काय मिळेल, ही तेथील शेतकऱ्याची नेहमीची चिंता. कारण गिराइक म्हणजे बहुतेक गिरण्याच.

घोड्याची शेपटी गेली कोठे?

आता दुसरी बाजू. वेस्ट इंडीजमध्ये एकोणिसाव्या शतकातच लोकांच्या लक्षात आले होते, की हा पाला खाणाऱ्या घोड्यांच्या आयाळीचे व शेपटीचे केस गळतात. त्याचे कारण पाल्यात व बियांत असणारे ‘मिमोसिन’ हे द्रव्य. घोडे, गाढवे, डुकरे, ससे यांना ते बाधते. गाई-म्हशी-शेळ्यांच्या कोठीपोटात मिमोसिन मोडते खरे. पण त्यापासून होणारा दुसरा पदार्थ थायरॉइड ग्रंथीला त्रास देतो. जनावर खंगते, गळ्याशी गाठ येते.

यातून एक विलक्षण शोध लागला. ऑस्ट्रेलियात गुरे या पाल्याने आजारी पडत. हवाईमधील शेळ्या मात्र तोच पाला खाऊन ठणठणीत असत. असे का? रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने ओळखले, की फरक शेळीत नसून तिच्या पोटातल्या जिवाणूंत आहे. 1980 नंतरच्या काही वर्षांत त्यांनी हवाईच्या शेळीच्या कोठीपोटातील द्रव ऑस्ट्रेलियात आणून गुरांना दिला आणि ती गुरे सुबाभूळ पचवू लागली. 1992 मध्ये त्या जिवाणूचे नामकरण झाले, तेव्हा जोन्स यांच्या सन्मानार्थ त्याला ‘सिनर्जिस्टिस जोन्सी’ असे नाव देण्यात आले. शास्त्रज्ञाचे नाव शेळीच्या पोटात अजरामर व्हावे, यापेक्षा मोठा मान तो कोणता!

आपण मात्र साधा नियम पाळावा. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या एकूण चाऱ्यात सुबाभूळ तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असू नये आणि तिची सवय हळूहळू लावावी. घोड्याला आणि गाढवाला ती घालूच नये. दाणे फार खाल्ल्याने माणसांचे केस गळल्याच्याही नोंदी आहेत. तेव्हा मेक्सिकन पाककृती वाचून घरी प्रयोग करण्याची हौस आवरलेली बरी.

एका किड्याचा तडाखा

चमत्कारी वृक्षाचा डौल उतरवला तो मात्र वेगळ्याच शत्रूने. ‘सायलिड’ नावाची तिळाएवढी, कोवळ्या शेंड्यातला रस शोषणारी कीड 1984 मध्ये हवाईत, 1986 मध्ये इंडोनेशियात आणि 1988 मध्ये दक्षिण भारतात दिसली. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर शेतकऱ्यांनी डोंगरउतारावर मैलोन्‌मैल सुबाभळीचे बांध घातले होते. माती अडली होती, गुरांना चारा मिळत होता. ते बांध एका हंगामात निष्पर्ण झाले. सगळी भिस्त एकाच झाडावर ठेवली, ते झाडही एकाच वाणाचे. मग दुसरे काय होणार? पुढे मूळ अमेरिकेतला, ही कीड फस्त करणारा निळसर भुंगेरा अनेक देशांत सोडण्यात आला. भारतातही 1988 मध्येच तो थायलंडहून आणला गेला. झाडे पुष्कळशी सावरली, पण पहिला बोलबाला परत आला नाही.

लावायची असेल तर

बियांचे कवच टणक असते. उकळी उतरलेल्या गरम पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून मग रात्रभर थंड पाण्यात भिजवले, तर उगवण चांगली होते. पहिले काही महिने रोप सावकाश वाढते. तेवढ्या काळात तण काढावे लागते आणि शेळ्यांना लांब ठेवावे लागते. पाण्याचा निचरा होणारी, थोडी चुनखडीची जमीन तिला मानवते. कोकणातल्या जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीत किंवा पाणी साचणाऱ्या शेतात ती रडतखडत वाढते.

आणि मुख्य गोष्ट : कापायला माणूस नसेल, तर सुबाभूळ लावू नये. नुसते वनीकरणाचे आकडे भरण्यासाठी टेकड्यांवर ती लावून सोडून दिली, तेथेच तिचे रान माजले. एका झाडाच्या हजारो बिया मातीत पडून वर्षानुवर्षे तग धरतात. झाडाखाली रोपांची गादी तयार होते आणि स्थानिक रोपट्यांना डोके वर काढायला जागा उरत नाही. नुसते तोडूनही उपयोग नाही. बुंधा पुन्हा फुटतो. म्हणून शेंगा हिरव्या असतानाच फांद्या छाटून गोठ्यात न्याव्यात. आपोआप उगवलेली रोपे पहिल्याच पावसात, जमीन ओली असताना हाताने उपटावीत. वर्ष गेले, की सोटमूळ इतके खोल जाते, की मग कुदळ घ्यावी लागते.