आभासी धनाची किल्ली

२०१८ साली ‘गेनबिटकॉईन’ या योजनेचा सूत्रधार अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी अटक केली, तेव्हा दरमहा दहा टक्के परताव्याच्या आशेने आपली पुंजी गमावून बसलेल्या लोकांच्या फिर्यादींइतकाच आणखी एक अवघड प्रश्न तपास अधिकाऱ्यांपुढे उभा राहिला. ज्याला ना नाणे, ना नोट, ना बँकेतले खाते, असा ऐवज मुद्देमाल म्हणून जप्त करायचा तो कसा? त्या कामी बाहेरच्या तज्ज्ञांची मदत घेण्यात आली. त्यांत एक भारतीय पोलीस सेवेतील माजी अधिकारी होते आणि दुसरे सायबर विषयातील जाणकार. मार्च २०२२ मध्ये त्याच पोलिसांनी या दोघांनाही अटक केली. तपासाच्या ओघात हाती आलेल्या माहितीच्या बळावर त्यांनी आरोपींच्या वॉलेटमधील चलन परस्पर अन्यत्र वळवले आणि शिलकीची फेरफार केलेली छायाचित्रे पोलिसांना सादर केली, असा त्यांच्यावरील आरोप होता. या आरोपाचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे. मात्र असा आरोप मुळात संभवनीय कसा होतो, हे ज्याला नीट उमगले त्याला मोबाइलमधील क्रिप्टो वॉलेट वापरण्याचे अर्धे शास्त्र समजले, असे मी मानतो.

हा विषय आता पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित वर्गापुरता उरलेला नाही. वसई पूर्वेला, मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या अंगाने वाढलेल्या वालीवमध्ये गाळ्यांमागून गाळे उभे आहेत. तेथे पाळीवर राबणारा कामगार ज्या मोबाइलवरून गावी आई-वडिलांना पैसे पाठवतो, त्याच मोबाइलवर त्याला ‘महिन्यात दाम दुप्पट’ अशी आमिषे येऊन पोहोचतात, आणि दुपारच्या सुट्टीत चहाच्या टपरीवर बिटकॉईन, डॉलरच्या भावाशी बांधलेले यूएसडीटी, अशा आभासी चलनांची नावे कानी पडतात. घरखर्चाचा पैसा या अस्थिर चलनात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु ज्याला थोड्या रकमेने हा व्यवहार शिकायचाच आहे, त्याने तो डोळसपणे शिकावा, एवढ्यासाठी हे विवेचन.

सातबाऱ्याचा उतारा आपण कपाटात जपून ठेवतो, म्हणून जमीन काही कपाटात येत नाही. जमीन जागच्या जागी असते आणि तिच्यावरचा हक्क सरकारी दप्तरातील नोंदीत असतो. बिटकॉईनचेही तसेच आहे. २००८ साली सातोशी नाकामोतो या टोपणनावाने जी कल्पना मांडली गेली आणि जानेवारी २००९ पासून जी प्रत्यक्षात आली, तिच्यात कोणत्या पत्त्यावर किती चलन आहे याची वही जगभरच्या हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवली जाते, आणि त्या वहीत फेरफार करण्याचा अधिकार केवळ त्या पत्त्याच्या गुप्त किल्लीने, म्हणजे प्रायव्हेट कीने, सही करणाऱ्यालाच असतो. आपल्या मोबाइलमधील वॉलेटमध्ये चलन नसते, ही किल्ली असते. सातबाऱ्यात चूक झाली तर तलाठ्याकडे, तेथे दाद लागली नाही तर तहसीलदाराकडे, प्रांताकडे जाता येते. या वहीला मात्र वरची कचेरीच नाही. किल्ली ज्याच्या हाती, तोच धनी. मग ती त्याला वारशाने मिळालेली असो, विश्वासाने सोपवलेली असो की चोरून घेतलेली असो.

ही किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या असते, जी माणसाला पाठ करणे अशक्य आणि उतरवून घेताना चुकण्याची खात्रीच. म्हणून २०१३ साली एक युक्ती मांडली गेली, जी आज बहुतेक वॉलेटमध्ये रूढ आहे. २०४८ साध्या शब्दांची एक ठरीव यादी असते. तिच्यातून यंत्र यदृच्छेने बारा किंवा चोवीस शब्द विशिष्ट क्रमाने देते, आणि त्या शब्दांतून तुमच्या सगळ्या किल्ल्या पुन्हा सिद्ध करता येतात. बारा शब्दांच्या शक्य रचना ३९ अंकी संख्येइतक्या होतात, तेव्हा कोणी अंदाजाने ते शब्द शोधून काढील ही भीती नको. भीती आहे ती आपणच ते कोणाला दाखवू याची. हे शब्द बहुधा इंग्रजीत असतात आणि आपल्याकडे पुष्कळांना इंग्रजी शब्दही देवनागरीत टिपून घ्यायची सवय असते. येथे ती सवय घातक ठरते. ‘राइट’ असे लिहून ठेवले, तर या यादीत उजवा या अर्थाचाही राइट आहे आणि लिहिणे या अर्थाचाही, आणि दोहोंची अक्षरे वेगळी. तेव्हा शब्द पडद्यावर दिसतात त्याच लिपीत, अक्षर न अक्षर, क्रमांक घालून उतरवावेत.

प्रत्यक्ष मांडणीची सुरुवात योग्य ॲपपासून होते. प्रसिद्ध वॉलेटच्या नावाची आणि चिन्हाची हुबेहूब नक्कल करणारी बनावट ॲप्स अधिकृत दुकानांतही शिरल्याचे अनेकदा उघड झाले आहे. म्हणून शोधपट्टीत नाव टाकून पहिले दिसेल ते उतरवण्याऐवजी त्या वॉलेटच्या मूळ संकेतस्थळावरील दुव्यावरून जावे आणि निर्मात्याचे नाव पडताळून पाहावे. व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर कोणी धाडलेली ॲपची फाइल कदापि बसवू नये. ॲप उघडल्यावर नवे वॉलेट तयार करण्याचा पर्याय घेतला की शब्द पडद्यावर येतात. या क्षणी घाई करू नये. दार लावून, एकट्याने, कागद आणि पेन घेऊन बसावे. स्क्रीनशॉट काढू नये, कारण तो फोटोंबरोबर आपसूक क्लाउडवर जाऊन पडतो. स्वतःलाच व्हॉट्सॲप किंवा ई-मेल करून ठेवू नये. सहा आकडी पिन अथवा बोटाचा ठसा लावावा, पण तो केवळ त्या मोबाइलचे दार राखतो हे ध्यानी असू द्यावे. विरार लोकलच्या गर्दीत मोबाइल गेला, तर पिनने चोराला अडवले जाते आणि कागदावरच्या शब्दांनी दुसऱ्या मोबाइलवर वॉलेट पुन्हा उभे राहते. उलट शब्दच परक्याच्या हाती पडले, तर मोबाइल तुमच्या खिशात असूनही धन गेलेले असते.

कागदाचेही शत्रू आहेत, आणि वसईत तर विशेषच. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, हे ज्यांनी तळमजल्यावरच्या खोलीत राहून अनुभवले त्यांना सांगायला नको. म्हणून दोन प्रती कराव्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोन वेगळ्या ठिकाणी उंचावर ठेवाव्या. वालीवसारख्या ठिकाणी याहून चांगली सोयही हाताशी आहे. इंजिनिअरिंगच्या गाळ्यांत सुट्या भागांवर क्रमांक ठोकायला अक्षरांचे पंच वापरतात. स्टेनलेस स्टीलची हातभर पट्टी घ्यावी, ती लोखंडी ठोकळ्यावर ठेवावी, आणि एकेक पंच सरळ धरून हातोडीचा एकच नेमका घाव घालीत शब्द उठवावे. पंच तिरका धरला तर अक्षराची एक बाजू उमटते आणि दुसरी पुसट राहते. म्हणून आधी भंगारातल्या पत्र्यावर हात बसवून घ्यावा. सगळा शब्द ठोकण्याचीही गरज नसते: यादी अशी बेतलेली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून कोणताही शब्द निश्चित ओळखता येतो. पट्टी आगीलाही टिकते आणि पाण्यालाही. फक्त हे काम कारागिराला देऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो. पंच उसने घ्यावे आणि ठोकावे स्वतः.

यानंतर करायची एक गोष्ट बहुतेक जण टाळतात आणि मी तिला सर्वांत अधिक महत्त्व देतो. वॉलेटमध्ये शंभर-दोनशे रुपयांचे चलन घ्यावे, मग ॲप मोबाइलवरून काढून टाकावे, पुन्हा बसवावे, आणि केवळ कागद समोर ठेवून शब्दांच्या आधारे ते परत मिळवून पाहावे. शिल्लक दिसली तर कागद बरोबर आहे. न दिसली तर चूक शंभर रुपयांतच कळली. रक्कम पाठवतानाही हाच सावधपणा हवा. पत्ता हाताने टाइप न करता क्यूआर कोडने घ्यावा किंवा नकलून डकवावा, आणि डकवल्यावर सुरुवातीची, मधली व शेवटची अक्षरे ताडून पाहावीत, कारण नकललेला पत्ता मधल्यामध्ये बदलणारे घातक प्रोग्राम अस्तित्वात आहेत, आणि ओळखीच्या पत्त्याशी आरंभी-शेवटी जुळणाऱ्या पत्त्यावरून क्षुल्लक रक्कम पाठवून तुमच्या व्यवहारांच्या यादीत शिरण्याची लबाडीही आता रूढ झाली आहे. त्यातच यूएसडीटीसारखे एकच चलन अनेक जाळ्यांवर, म्हणजे नेटवर्कवर, चालते, तेव्हा पाठवणाऱ्याचे व घेणाऱ्याचे जाळे एकच आहे याची खात्री हवी. आधी लहान रक्कम, ती पोचल्याचा निरोप, मग उरलेली.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा चलन खरेदी-विक्री करून देणाऱ्या एक्स्चेंजकडेच ठेवले तर? ही सोय आहे खरी, पण तेथे किल्ली एक्स्चेंजची असते. मुंबईत स्थापन झालेल्या वझीरएक्सच्या एका वॉलेटवर १८ जुलै २०२४ रोजी घाला पडला. व्यवहारावर अनेकांच्या सह्या लागाव्या अशी तजवीज असूनही सुमारे २३ कोटी डॉलरचे चलन नाहीसे झाले, आणि सामान्य ग्राहकांना आपली क्रिप्टो शिल्लक वर्षाहून अधिक काळ काढता आली नाही. प्रकरण सिंगापूरच्या उच्च न्यायालयातील पुनर्रचनेपर्यंत गेले. तरीही मी सरसकट सर्वांना स्वतःची किल्ली स्वतः बाळगा असे सांगणार नाही. ज्याच्या हातून कागद हमखास हरवतात त्याने वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी झालेल्या एक्स्चेंजमध्ये थोडी रक्कम ठेवणे अधिक शहाणपणाचे.

चोरी बहुधा संगणक फोडून होत नाही, बोलण्यातून होते. वॉलेटच्या मदत केंद्रातून बोलतो असे सांगणारा इसम ‘पडताळणीसाठी’ बारा शब्द मागतो. कोणतेही खरे मदत केंद्र ते कधीच मागत नाही. फुकट टोकन मिळेल म्हणून एखाद्या संकेतस्थळाला वॉलेट जोडायला लावले जाते आणि ‘मंजुरी’च्या एका बटणाने तुमच्या चलनावर त्यांचा ताबा बसतो. अनोळखी माणसाला थेट यूएसडीटी विकून बँकेत रुपये घेतले, तर ते रुपये कुणा फसवलेल्या माणसाचे निघून आपलेच खाते गोठण्याचा प्रसंग येतो, आणि मग ज्या खात्यात पगार येतो तेच बंद. फसगत झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर कळवावे आणि व्यवहाराचा क्रमांक, पत्ते व संभाषण जसेच्या तसे जपून पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी; पैसा एक्स्चेंजमध्ये पोचून तेथे अडवला गेला तर तो परत मिळण्याची अधिक आशा असते, म्हणून तासांनाही किंमत आहे.

कायद्याच्या दृष्टीने हे चलन भारतात निषिद्ध नाही, पण वैध चलनही नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगणारे रिझर्व्ह बँकेचे २०१८ चे परिपत्रक रद्द केले. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के कर लागू झाला, त्या वर्षीच्या जुलैपासून विक्रीवर एक टक्का करकपात, आणि एका चलनातला तोटा दुसऱ्या चलनाच्या नफ्यातून वजा करण्याची मुभा नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हे चलन म्हणजे मालमत्ता होय, असा निर्वाळा दिला. मालमत्ता म्हटली की वारस आले, आणि येथे कायदा हक्क देऊ शकतो, किल्ली देऊ शकत नाही. मृत्युपत्रात शब्द लिहू नयेत, कारण ते अनेकांच्या नजरेखालून जाते. परंतु पत्नीला किंवा जाणत्या मुलाला असे वॉलेट आहे, ते कोणत्या ॲपचे आहे आणि पट्टी कोठे ठेवली आहे, एवढे तरी सांगून ठेवावे, आणि एकदा त्यांच्याच हातून त्या शब्दांवरून वॉलेट उघडवून घ्यावे.