वाटी लागते ते द्रव

बारामती-इंदापूरकडची कुटुंबं परदेशी निघाली की विमान धरतात पुण्याहून नाहीतर मुंबईहून, आणि आदल्या रात्री डबे भरताना प्रश्न पडतो: पोरांचं खाणं तपासणीत काढून घेतील का? घरचं खाणं नेताच येत नाही, हा समज चुकीचा आहे. बंधन आहे ते केबिन बॅगेतल्या (विमानात आपल्याजवळ राहणारी बॅग) द्रवांवर. २००६ साली लंडनमध्ये विमानं उडवण्याचा कट उघड झाला, त्यानंतर हा नियम आला. बहुतेक विमानतळांवर मर्यादा १०० मिलिलिटरची आहे.

द्रव म्हणजे फक्त पाणी नव्हे. दही, श्रीखंड, जॅमही त्यातच मोजतात. साधी खूण अशी: ताटात वाढताना ज्याला वाटी लागते, ते द्रव. दशमी, थालीपीठ, राजगिऱ्याची वडी ताटात तशीच राहते; ती खुशाल न्यावी. मोजतात मात्र बाटलीची क्षमता, आतला माल नव्हे. २०० मिलिलिटरची बाटली अर्धी भरली तरी अडते.

तान्ह्या बाळाच्या दुधाला आणि खिमटीला प्रवासापुरती सवलत असते. ते बाहेर काढून दाखवावं.

इंदापूरच्या डाळिंबाचे दाणे सोलून न्या, पण उतरण्याआधी संपवा. ऑस्ट्रेलियासारखे देश ताजी फळं आत येऊ देत नाहीत. आणि द्राक्षं नेणार असाल तर प्रत्येक द्राक्ष उभं चिरूनच डब्यात भरा. पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अख्खं द्राक्ष अडकू शकतं.