लेकरांच्या बाजूने

मिश्रविवाहांवर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक लग्नापाशी संपतं. दोघं कुठे भेटली, घरच्यांनी किती आकांडतांडव केलं, हार कुठे घातले, की लेख पुरा. या विषयावर लिहायला लागल्यापासून मी एकच म्हणणं धरून बसलो आहे: परमुलखातल्या सुनेला किंवा जावयाला समाजाने आपलं म्हटलं की नाही, हे वरातीत कळत नाही. त्यांच्या लेकरांचं काय झालं ते बघावं लागतं. ती कोणत्या भाषेत भांडतात, त्यांना कुणी मुलगी दिली, वारसाच्या कागदावर त्यांचं नाव चढलं का? काही अभ्यासकांना ही माझी कसोटी भावनिक वाटते. मला ती सगळ्यांत व्यवहारी वाटते.

गोव्यापासून सुरुवात करायची प्रथा आहे. अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतल्यावर आपल्या माणसांची लग्नं इथल्या बायकांशी लावली आणि त्यांना इथेच वसवलं. त्यावर भरपूर लिहून झालंय. कायद्याचा प्रवासही जाणकारांना पाठ आहे. 1872च्या कायद्याने लग्न करायचं तर आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही असं लिहून द्यावं लागे. 1923च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैनांना आपसांत ती अट उरली नाही. आणि 1954च्या विशेष विवाह कायद्याने धर्माचा प्रश्नच बाजूला ठेवला. पुढे जाऊ.

इंदूरच्या होळकरांचं प्रकरण मात्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. गादी सोडलेल्या तुकोजीरावांनी 1928च्या मार्चमध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं. त्याआधी नाशिकला शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींच्या हातून तिची शुद्धी झाली आणि शर्मिष्ठा हे नाव मिळालं. एवढ्याने भागलं नाही. धर्म मिळाला तरी जात कुठे होती? मग धनगर समाजातल्या एका घराने तिला दत्तक घेतलं, आणि त्या घरची लेक म्हणून ती बोहल्यावर चढली. या लग्नाला क्रांतिकारक म्हणणारे लेख मी वाचले आहेत. त्यांच्या लेखकांनी दत्तकविधानाचा अर्थ लक्षातच घेतलेला नाही. सिॲटलहून आलेल्या बाईलाही जातीच्या दारातूनच आत यावं लागलं. पुढे तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव होळकर यांनीही अमेरिकन स्त्रियांशी लग्नं केली. त्यांचा मुलगा रिचर्ड 1944चा. वारसा मात्र पहिल्या राणीची, कागलच्या घाटग्यांच्या संयोगिताबाईंची, मुलगी उषाराजे हिच्याकडे गेला. मुलीकडे गेला याचा आनंदच आहे, पण मुलाला का मिळाला नाही हे विसरून चालणार नाही. त्याच रिचर्डने आणि त्याच्या अमेरिकन पत्नीने, सॅलीने, महेश्वरच्या विणकरांसाठी जे केलं, ते माहेश्वरी साडी नेसणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असायला हवं.

आता रत्नागिरी. या गावाबद्दल मी वर्षानुवर्षं बोलत आलो आहे आणि याही वेळी थोडक्यात आवरणार नाही.

मंडाले पडल्यावर इंग्रजांनी ब्रह्मदेशचा राजा थिबा याला राणी सुपयालतसह रत्नागिरीत आणून ठेवलं. तीस वर्षं तो इथे होता. पर्यटकांना दाखवतात तो राजवाडा 1910 मध्ये बांधून झाला. चार मुली वाढल्या, वयात आल्या. रितीप्रमाणे त्यांना राजरक्ताचा नवरा हवा, आणि तो या गावात कुठून यायचा? थोरल्या राजकन्येचं मन गोपाळ सावंत या वाड्यावरच्या दरवानावर बसलं. तो आधीच लग्न झालेला, मुलंबाळं असलेला. 1906 मध्ये मुलगी झाली. तिचं नाव टुटू. 1916 मध्ये थिबा गेला, 1919 मध्ये कुटुंबाला ब्रह्मदेशात परत जाऊ दिलं. थोरली गेली, आणि लेकीला घेऊन परत आली. रंगूनमध्ये राजाची मुलगी म्हणून राहण्याऐवजी ती रत्नागिरीत गोपाळच्या भरवशावर राहिली. तो भरवसा फारसा टिकला नाही. 1947 मध्ये ती गरिबीतच गेली.

लिहिणारे इथे थांबतात, कारण इथवर गोष्ट शोकांतिकेच्या साच्यात बसते. पण टुटू होती ना! तिचं लग्न शंकर पवार यांच्याशी झालं. ती पवारांच्या घरात नांदली, मुलं वाढवली, शेणी थापून विकल्या, कागदाची फुलं करून विकली. चेहरा ब्रह्मी आणि बोली अस्सल रत्नागिरीची. 2000 साली ती वारली. आता माझी कसोटी लावा. आई दुसऱ्या जातीची नव्हे, दुसऱ्या वंशाची. आईबापांचं रीतसर लग्न नाही. पदरात दमडी नाही. अशा मुलीला सून करून घेणारं घर त्या काळच्या रत्नागिरीत होतं. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्यांच्या घरांतून जे अवघड गेलं, ते एका कष्टकरी घराने कुठलाही ठराव न करता केलं. मिश्रविवाह ही शिकल्यासवरल्यांची देणगी आहे असं व्याख्यानांतून सांगणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो, आणि त्यावर मला आजवर उत्तर मिळालेलं नाही.

सुधा शहा यांनी 2012 मध्ये इंग्रजीत 'द किंग इन एक्झाईल' लिहून या घराण्याचा मागोवा घेतला, त्यात टुटूला तिची जागा मिळाली. त्याच वर्षी म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीला येऊन गेले. आपल्याकडची प्रवासवर्णनं मात्र अजून राजवाड्याच्या नक्षीदार खिडक्यांतच अडकलेली असतात.

बाकीची उदाहरणं वाचकांच्या परिचयाची आहेत. रँग्लर परांजप्यांच्या शकुंतलाबाईंनी रशियन चित्रकाराशी लग्न केलं. ते टिकलं नाही, पण 1938 मध्ये जन्मलेली सई आजोळी वाढली आणि आठव्या वर्षी मराठीत पुस्तक लिहून मोकळी झाली. तिथे आजोबांची पुण्याई पाठीशी होती, हे मान्य करायला हवं. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत मक्याच्या वाणांवर काम करत होते. 1936 मध्ये त्यांनी बेल्जियन तरुणीशी लग्न केलं आणि अखेर कुटुंबासह नागपुरात येऊन राहिले. त्यांची जीवनकथा त्यांच्या मुलीने, सावित्रीने लिहिली. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर शांतारामबापूंचा चित्रपट आहे, म्हणून त्यांचं चीनमधलं लग्न सर्वांना माहीत. मुलगा यिनहुआ माहीत नाही. 1942च्या ऑगस्टमध्ये तो जन्मला, डिसेंबरात बाप गेला, आणि तोही तरुणपणीच चीनमध्ये वारला. त्याची आई, क्वो छिंगलान, 2012 पर्यंत होती. भारतात येऊन सासरच्या माणसांना ती पुन:पुन्हा भेटली. अमेरिकेतून आलेल्या अभ्यासक गेल ऑम्वेट यांच्यावर अलीकडे खूप लिहिलं गेलं. त्यांचा संसार कासेगावात, सासू इंदुताई पाटणकरांच्या घरात रुजला, आणि ती सासू स्वतः चळवळीतली बाई होती, एवढं जोडलं की पुरे.

आज काय आहे? परदेशी सून आली की गावभर पेढे वाटले जातात. अट न बोलता ठरलेली असते: ती गोरी हवी. पुण्यात शिकायला आलेल्या आफ्रिकी मुलांना खोली भाड्याने देताना घरमालक आढेवेढे घेतात. त्यांच्यातला कुणी जावई म्हणून दारात आला तर काय होईल ते सांगायला नको. तेच पेढे वाटणारं घर शेजारच्या वस्तीतल्या मुलीचं नाव निघालं की दार लावून घेतं. यालाच हल्ली उदारपणा म्हणतात, आणि मला त्याची चीड येते. सरकारही मागे नाही. 2022च्या डिसेंबरात राज्याने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवायला समिती नेमली. ओरड झाल्यावर त्यातून आंतरजातीय लग्नं वगळली आणि आंतरधर्मीय ठेवली. विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची नोटीस अजून कचेरीच्या फळ्यावर लागते, आणि ज्यांनी ती वाचू नये तेच ती आधी वाचतात.

लेकरांचं सांगायचं तर, सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये गुजरातच्या एका खटल्यात म्हटलं की मिश्र लग्नातल्या मुलाची जात बापाचीच असं धरून चालता येणार नाही. तो कुणात वाढला, त्याने काय सोसलं, ते पाहून ठरवा. दाखल्याच्या खिडकीवर मात्र पहिला प्रश्न अजून बापाच्या जातीचाच येतो. बाप घाना किंवा नायजेरियाचा असला तर तिथल्या लेखनिकाला त्या रकान्यात काय लिहावं हे सुचत नाही, आणि कागद परत येतो. टुटूला असला कागद कुणी मागितला नव्हता. आज तिची पतवंडं शाळेत घालायची असती तर मागितला असता.